साडूची भिंत

रखमाजीला साडूचं काहीही सहन होत नसे, आणि ही गोष्ट सावळपेठेत कुणापासून लपलेली नव्हती. साडूच्या घरी रेडिओ आला की रखमाजीचं डोकं दुखायचं. साडूची म्हैस व्याली की हा आपल्या म्हशीकडं अशा नजरेनं बघायचा, जणू तिनंच फितुरी केली.

साडूचं नाव साहेबराव. टेंभुर्णीच्या दोन बहिणी या दोघांना दिलेल्या. थोरली मालनबाई साहेबरावांना, धाकटी सोनूबाई रखमाजीला. सावळपेठ हे आमचं पूर्णाकाठचं बाजाराचं गाव, मधोमध नदीनं चिरलेलं. अलीकडच्या सखल काठावर रखमाजीचं सायकलचं दुकान आणि मागं घर, पलीकडच्या काठावर साहेबरावांची पिठाची गिरणी. मध्ये फरशी पूल. मी मास्तर, शाळा अलीकडं आणि बिऱ्हाड पलीकडं, त्यामुळं रोज फरशी ओलांडायचो आणि दोघांच्याही तक्रारी ऐकायचो.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात नदी दोन्ही काठांवर शिरली. गिरणीत पाणी, दुकानात पाणी. सायकली वाहून गेल्या, धान्याची पोती फुगून फुटली. त्या दिवसांत मात्र दोघे साडू एका पंगतीला बसले, एकमेकांच्या घरचा चिखल उपसला. नुकसान सारखं होतं, म्हणून प्रेमही सारखं होतं.

नंतर साहेबराव कामाला लागले. भोकरदन झालं, जालना झालं, ह्या साहेबाला भेट, त्या पुढाऱ्याला गाठ. एकोणनव्वद साली पलीकडच्या काठाला दगडी भिंत मंजूर झाली. वस्ती तिकडं दाट, म्हणून पहिली भिंत तिकडं, असं सांगण्यात आलं. दुसरी कधी, ते कुणी सांगितलं नाही.

भिंत चढत होती तसा रखमाजी उतरत गेला. त्याच्या दुकानाचं तोंड नेमकं नदीकडं. पंक्चर काढताना मान वर केली की समोर भिंत. संध्याकाळी साहेबराव धुवट धोतर नेसून त्या भिंतीवर येऊन बसायचे, पान खायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे.

"बघा मास्तर," रखमाजी मला म्हणायचा, "कसा बसलाय. जसा काय राजा गादीवर बसून राह्यला. अहो, नदी काय त्याच्या एकट्याची हाय?"

"तुम्हीही जा की जालन्याला. अर्ज करा."

"त्यानं केल्यावर मी करू? लोक म्हणतील, साडूचं बघून केलं."

पुढं त्याच्या मत्सराला खरं कारणही मिळालं. पलीकडं भिंतीनं अडलेलं पाणी अलीकडं जास्त जोरानं लोटू लागलं. त्यातच पावसाचा स्वभाव बदलला. पूर्वी जो पाऊस चार महिन्यांत वाटून पडायचा, तो आता एका दुपारी येऊन धिंगाणा घालायचा आणि मग महिनामहिना तोंड दाखवायचा नाही. म्हातारी माणसंही म्हणू लागली की असं कधी बघितलं नव्हतं. एका पावसाळ्यात तर रखमाजीच्या भाड्याच्या सायकली खालच्या अंगाला बाभळीत लटकलेल्या सापडल्या. पलीकडं गिरणी चालू होती. तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून रखमाजीनं कानात कापूस घातला. हे सोनूबाईनं मला स्वतः सांगितलं.

दोन हजार एक साली सत्यशीला गावात आली. मूळची मंठ्याकडची, बौद्ध शिक्षकाची मुलगी, इंजिनिअर झालेली. औरंगाबादच्या एका संस्थेत ती नदीकाठच्या गावांचं काम करायची. पाऊस असाच बेभरवशाचा होत जाणार, तेव्हा गावांनी आधीच तयारी करायला हवी, असं तिचं म्हणणं. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. रखमाजी पहिल्या रांगेत.

"म्याडम, आमचं एकच मागणं," तो उठून म्हणाला. "आम्हाला भिंत पायजे. तिकडच्यापेक्षा हातभर उंच."

"काका, दोन्हीकडं भिंती घातल्या तर पाणी मध्ये कोंडणार. कोंडलं की चढणार. आणि एक दिवस दोन्हीकडं कोसळणार. त्यापेक्षा तुमचा सखल काठ नदीला पसरायला मोकळा सोडू. तिथं गवत लावू, झाडं लावू. दुकानं आणि घरं मागच्या उंचवट्यावर नेऊ, जोती उंच बांधू."

"म्हंजे आम्ही उठायचं अन् नदीनं बसायचं?"

हॉलभर हशा पिकला. सत्यशीलाही हसली, पण मागं हटली नाही. "नदी आत्ताही बसतेच की, काका. फक्त तुम्हाला न विचारता बसते."

रखमाजी बधला नाही. भिंत म्हणजे भिंत. त्याचं बघून शेजारचे दुकानदारही अडून बसले. सत्यशीला दर पंधरवड्याला एसटीनं यायची, ओट्यांवर बसून समजावायची, चहा पिऊन परत जायची. काम जिथल्या तिथं.

मग एका सकाळी मी फरशी ओलांडत होतो, तर साहेबराव सत्यशीलाला थांबवून बोलत होते. "म्याडम, तिकडचे लोक न्हाई म्हणत असतील तर आमच्याकडं करता येईल का? उंच जोतं, नवी जागा, झाडं. आमची बिलकुल ना न्हाई."

शाळेत जाता जाता मी हे रखमाजीला सांगितलं. त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"भिंत असून बी?"

"हो."

"अन् आता हे बी पायजे त्याला?"

त्यानं दुकान तसंच उघडं टाकलं आणि फरशीकडं पळाला. सत्यशीलाला गाठून धापा टाकत म्हणाला, "म्याडम, जल्दी करा. माझं दुकान पैलं हलवा. सगळ्यात पैलं."

एक हलला तसे बाकीचे हलले. ग्रामपंचायतीनं मागच्या उंचवट्यावर जागा दिली. दोन वर्षांत काठ मोकळा झाला. तिथं वाळ्याचं गवत लावलं, करंज लावले, जांभळी लावल्या. उन्हाळ्यात तिथं बाजाराचे बैल विसावू लागले. पूर आला की वरच्या गावांनी शाळेत फोन करायचा आणि शाळेनं घंटा वाजवायची, हेही ठरलं.

आणि पूर येईना. पुढचे पावसाळे कोरडेच गेले. साहेबराव भिंतीवर बसून ओरडायचे, "रखमा, नदीला जमिनीचा आहेर केलास व्हय? अन् आता नदीच रुसली!" रखमाजी आतल्या आत जळायचा. नव्या दुकानापुढं उभा राहून तो देवाला म्हणू लागला, "एकदा तरी पूर येऊ दे. एकदाच. म्हंजे कळंल त्याला."

सोनूबाईनं ते ऐकलं. "जीभ झडंल तुमची," ती म्हणाली. "तिकडं माझी बहीण राहती."

दोन हजार सहाच्या ऑगस्टात पूर आला. सकाळी वरच्या गावाहून फोन आला, शिपायानं घंटा बडवली, दोन्ही काठांवरचे लोक आपापल्या बाजूच्या उंच जागी गेले. दुपारपर्यंत नदी लाल होऊन फुगली. अलीकडं ती मोकळ्या काठावर पसरली, गवत आडवं झालं, करंज कमरेपर्यंत बुडाले, पाणी रखमाजीच्या जोत्याच्या खालच्या पायरीला लागलं आणि तिथंच थांबलं. पलीकडं भिंत होती म्हणून नदी बराच वेळ बाहेर राहिली. पण गल्ल्यांत पडलेल्या पावसालाही वाट राहिली नव्हती. तो आतच साचत गेला. त्यात संध्याकाळी नदीच भिंतीवरून उलटली.

दुसऱ्या दिवशी नदी उतरली. अलीकडं नुसता चिखल उरला. पलीकडं मात्र भिंतीच्या आत पाणी हौदासारखं उभं. फरशी मोकळी होताच रखमाजी निघाला. पहिल्यांदाच त्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. मीही बिऱ्हाड बघायला निघालो होतो, म्हणून बरोबरच गेलो. त्याचा चेहरा लग्नाला निघालेल्या माणसासारखा होता.

साहेबराव भिंतीवरच बसलेले होते, पण पाय आत सोडून. समोर गिरणी अर्धी पाण्यात. मोटार बुडालेली, पीठ पाण्यावर सायीसारखं तरंगत होतं.

"बघायला आलास नं?" साहेबराव मान न वळवता म्हणाले.

"हो," रखमाजी म्हणाला.

"बघ मंग."

रखमाजीनं बघितलं. मालनबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून भिजलेली पोती ओढत होती. तिनं वर पाहिलं. "रखमाजी," ती म्हणाली, "हसायचं असल तर हस. पर आदी हे पानी काढ."

"आक्का, पाणी निघल. बाहेर नदी खाली गेली. भिंतीला भोक पाडलं की बराबर निघल."

"भिंतीला?" साहेबराव उठूनच उभे राहिले. "माझ्या भिंतीला हात लावशील तर..."

"मंग बस पाण्यात," मालनबाई नवऱ्यावर गरजली. "म्हातारपणी मासे धर."

साहेबराव पुन्हा खाली बसले. रखमाजीनं शेजाऱ्याकडून पहार मागून आणली, बाहेरच्या अंगाला उतरला आणि खालच्या सांध्यात पहिला घाव घातला. सतरा वर्षं ज्या भिंतीकडं बघून त्याचा घास अडला, तिच्यावर तो आता तुटून पडला होता. दात आवळलेले, डोळ्यांत पाणी, धोतर चिखलानं माखलेलं. गल्लीतली माणसं उतरली, त्यांनीही पहारी घेतल्या. अखेर एक दगड निखळला आणि आतलं गढूळ पाणी भसकन बाहेर आलं, रखमाजीच्या छातीवर आदळून त्याला मागं फेकत. साहेबरावांनीच खाली उडी मारून त्याला उचललं.

"लागलं का रे?"

"न्हाई."

"बरं वाटलं असल तुला."

रखमाजी ओला चिंब उभा होता. धोतराचा सोगा पिळत म्हणाला, "घाव घालताना वाटलं. आता न्हाई वाटून राह्यलं."

रात्री त्यानं साडूच्या सगळ्या कुटुंबाला आपल्या उंच जोत्यावर जेवायला आणि झोपायला नेलं. सोनूबाई म्हणते, तेव्हाही त्यानं साहेबरावांना वाढताना स्वतःच्या ताटाकडं दोनदा बघितलं, की तूप कुणाला जास्त पडलं.

पुढं सत्यशीलानं पलीकडच्या भिंतीला ठिकठिकाणी लोखंडी झडपा बसवून घेतल्या, नदी उतरली की उघडायच्या. त्या उघडायचं काम साहेबरावांकडं आलं. दोन वर्षांनी तिनं दुसऱ्या एका नदीकाठच्या शहरातली माणसं सावळपेठ बघायला आणली. रखमाजीनं त्यांना मोकळा काठ दाखवला, गवत दाखवलं, पायरी दाखवली. सगळं छान झालं. मग पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "पलीकडच्या झडपा पण बघू की."

"तिकडं काय न्हाई बघायला," रखमाजी म्हणाला.

पण ते गेले, आणि हाही मागोमाग गेला. साहेबराव धुवट धोतरात तयारच होते. त्यांनी पुराची गोष्ट सांगायला घेतली. पाणी कसं साचलं, पीठ कसं तरंगलं, आणि मग हात लांबवून म्हणाले, "अन् हे पैलं भोक माझ्या साडूनं पाडलं. हा बघा. हा आला नसता तर आम्ही कुजलो असतो." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी रखमाजीचा फोटो काढला.

परत येताना तो मान खाली घालून चालत होता. मला वाटलं, भरून आलं असेल. फरशीच्या मध्यावर थांबून तो म्हणाला, "मास्तर, माझीच गोष्ट. पर माझ्यापेक्षा त्यानंच ग्वाड सांगितली." आणि नदीत थुंकून तो तरातरा पुढं निघून गेला.