निंबाला बांधलेलं माहेर

अक्का आधी आमच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायच्या, मग म्हणायच्या, "आदी बस, मंग इचार." उभ्यानं प्रश्न विचारणारी माणसं त्यांना पोलिसांतली वाटत. अशी एखादी अक्का तुम्हीही पाहिली असेल. तिचा धाक वाटतो आणि तिच्याशिवाय करमतही नाही.

युद्धाची वर्षं होती. समाजसेवेच्या वर्गातल्या आम्ही चौघी जळगावहून धुळ्याच्या एका इस्पितळात आलो होतो. डॉक्टर, कंपाउंडर, झाडूवाली, सगळ्यांशी मिळून काम कसं करायचं, हे तिथल्या थोरल्या नर्सनं, म्हणजे अक्कांनी, आम्हाला शिकवायचं होतं. मला वाटे, त्यात शिकायचं काय? अंगावर खादी होती आणि डोक्यात हवा.

वॉर्डात पिंपळनेरकडची एक नवी लग्नाची पोर होती. लाकडं फोडताना कुऱ्हाड नडगीत बसली होती, जखम चिघळली होती. रोज धुऊन बांधली नाही तर पाय कापावा लागणार होता. तिचं एकच म्हणणं, "पाय ऱ्हावो का जावो, मी आखाजीले माहेर जासूच."

मी ऐटीत तिच्या कागदावर लिहिलं, 'हट्टी. उपचार नको म्हणते.' डॉक्टरांनी ते वाचून खाट मोकळी करायला सांगितलं.

अक्कांनी मला चांगलंच झापलं. सासुरवाशिणीची आखाजी म्हणजे अक्षय तृतीयेला माहेरी जाऊन झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, हे खानदेशात जन्मून मी विसरले होते. मग मला घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. "तिले माहेर पाहिजे ना? मंग माहेर आठेच लई या."

माहेर इथंच आणायचं म्हटल्यावर डॉक्टर गडबडले, पण पाय जमिनीला टेकणार नाही या अटीवर कबूल झाले. मी मोटारवाल्याबरोबर तिच्या आईला निरोप धाडला. आखाजीला कंपाउंडरनं आवारातल्या निंबाला झोका बांधला. गाणी सगळ्यांत जास्त झाडूवालीला येत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पोर खाटेवरून गात होती, झोके आम्ही घेत होतो. आईनं आणलेल्या पुरणाच्या मांड्यांतले दोन डॉक्टरांनी उभ्या उभ्याच खाल्ले. माहेरी जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

जखम भरेपर्यंत अक्कांची नोकरी संपली आणि त्या दोंडाईच्याला लेकीकडे राहायला गेल्या. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होई. घरी निघताना पोर त्यांना वॉर्डभर शोधत होती. शेवटी मला म्हणाली, "अक्काले सांगा, मी चालत घर गऊ."

'पोर चालत घरी गेली', मी तेवढंच अक्कांना धाडायच्या कार्डावर लिहिलं आणि ते सगळ्यांकडे फिरवलं. कंपाउंडरनं सही केली, झाडूवालीनं अंगठा उठवला. कार्ड डॉक्टरांकडे शेवटी पोचलं. त्यांनी जागा शोधली आणि अंगठ्याच्या खाली, बारीक अक्षरात, आपलं नाव लिहिलं.