जुनं फडकं

लिहायला बसलो हेच जास्त झालं, असं वाटतं. आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, तीही निवृत्तीनंतर, मुक्त विद्यापीठात. नोकरीभर पंचनामे लिहिले. त्यात मनातलं लिहायची सोय नसते. एक घटना मात्र मनातून हलत नाही.

निलंगा भागातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. यात्रेला चार दिवस असताना एका गावचे म्हातारे मानकरी फिर्याद घेऊन आले. देवाचा चांदीचा मुखवटा उजळायला दिला, कारागीर परत देत नाही, अशी फिर्याद. कारागीर बाजारातले, सगळे त्यांना चाचा म्हणत. तीन पिढ्या त्यांचंच घर हा मुखवटा उजळत होतं.

चाचांना ठाण्यात बोलावलं. ते बाकाच्या कडेला टेकले.

"यंदा मुखवटा माझ्याकडं आलाच न्हाई, साहेब."

"मग मानकरी खोटं बोलतात?"

"मी कसं म्हणू? त्यांच्या घरचं लई मीठ खाल्लंय."

बाहेर गाव जमलं होतं. निरीक्षक म्हणाले, "आजच अटक दाखवा."

"सर, पुरावा नाही. मी अटक करणार नाही."

त्यांनी डायरी माझ्यापुढे सरकवली. "मग स्टेशन डायरीत तसं लिहा. सही तुमची."

मी लिहिलं. खाली सही केली.

त्या दिवसापासून माझ्या टेबलावर चहा येईना. ज्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगत वाढली, तो हवालदारच म्हणाला, "साहेबाला चांदीचा गिलास भेटला वाटतं." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानाची झडती घेतली. एका पेटीत लाल फडक्यांच्या घड्या निघाल्या. मुखवटा जुन्या फडक्यात यायचा, चाचा चिंचेच्या पाण्यानं उजळून नव्या फडक्यात बांधून द्यायचे आणि जुनं फडकं त्यांच्याकडे राहायचं. तोच त्यांचा मान.

"खालची अब्बाच्या वेळची," चाचा म्हणाले. "वरचं मागल्या सालचं."

यंदाचं नव्हतं. पुरावा म्हणून हे कच्चं होतं, मलाही कळत होतं. पण एवढी फडकी जपणारा माणूस एकच टाकून देईल, हे पटेना.

मानकऱ्यांच्या घरी गेलो. "यात्रेनंतर मुखवटा कोणाकडे राहणार?" मी सहज विचारलं. म्हाताऱ्यांनी यात्रेच्या तयारीचं बोलणं काढलं. एका घराची तीस वर्षं भरली की मुखवटा भावकीतल्या दुसऱ्या घरी जातो, हे शेजाऱ्यानं सांगितलं. यंदा तो जायचा होता.

पंचांसमक्ष घर पाहिलं. सोयाबीनच्या पोत्यांमागे मुखवटा सापडला, त्याच जुन्या फडक्यात, न उजळलेला, काळा.

"तीस वर्षं रोज दिवा लावला त्याच्यापुढं," म्हातारे म्हणाले. "तो गेल्यावर घरात बसवंल का, साहेब?"

"आणि चाचा?"

"त्याला दोन दिवस बसवून सोडताल, असं वाटलं."

माझं म्हणणं खरं ठरलं आणि ठाण्यात मी आणखीच नकोसा झालो. पुढे उमरीकडे बदली झाली. निघण्याआधी चाचांना भेटायला गेलो, तर दुकान बंद. गिऱ्हाईक तुटलं म्हणून ते मुलीकडे निजामाबादला गेले होते. पत्ता कोणाकडेच नव्हता.

उमरीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाशी चिंचेचा आंबट वास आला की माझी पावलं थांबायची. वाटायचं, आत चाचा असतील, मान वर करून "या साहेब" म्हणतील.

अटक केली नाही, म्हणजे माणूस वाचवला, असं मी बरीच वर्षं समजत होतो. पण भर बाजारातून शिपाई पाठवून त्यांना ठाण्यात मीच बोलावलं होतं. त्यांच्या दुकानात बसून जबाब घेता आला असता. तेवढं मला सुचलं नाही.

गेल्या महिन्यात त्या चांदीच्या गिलासवाल्या हवालदाराचा फोन आला. तोही आता निवृत्त आहे.

"चाचा गेले, साहेब. दोन वर्षं झाली म्हणं. यंदा गावानं पत्ता हुडकून मुखवटा निजामाबादला त्यांच्या लेकीकडं धाडला."

"तिनं घेतला?"

"हाव. लई झकास उजळला. नव्या फडक्यात बांधून दिला."

"आणि जुनं फडकं?"

"ते घडी करून संगं परत दिलं, साहेब. म्हणली, हे तुमच्याकडंच असू द्या."