लोरीसाठी विणलेली झोळी

ते पाखरू घरात आलं तेव्हा मी बाबांशी दोन दिवस धड बोलले नाही. आमच्या शेजारच्या मोबाइलवाल्यानं हौसेनं नागपूरहून लोरीची जोडी आणली होती. लोरी म्हणजे लालभडक पोपटच, पण दाणे-मिरची खाणारा नव्हे. फुलांतला मध चाटून जगणारा. जिभेच्या टोकाला ब्रशसारखे केस असतात त्याच्या. त्या जोडीला पिल्लू झालं आणि घरटं म्हणून ठेवलेल्या खोक्याच्या गुळगुळीत तळावर घसरून घसरून त्याचे दोन्ही पाय बाजूला फाकले, ते फाकलेच. उभं राहता येईना, दांडीवर बसता येईना. शेजारी ते टाकून द्यायला निघाला होता, बाबांनी दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं.

"आता हे अधू पाखरू कोन पाहीन, बाबा?" मी म्हटलं.

"तुले का खात हाये थे?"

खातच होतं. लोरीची शी म्हणजे गोड पाण्याची पिचकारी. भिंतीवर, फ्रीजवर, एकदा तर तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांवर. मुंग्यांनी आमच्या घराचा पत्ता गावभर सांगितला असावा. त्याला ठेवायच्या स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागले. पाखराच्या खाण्याची पूड कुरियरनं यायची, ती कोमट पाण्यात कालवायची, आणि आमच्या ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात ती बघता बघता आंबायची. मधल्या सुट्टीत मी कॉलेजातून स्कूटीनं घरी येऊन जुनं फेकायचे, नवं कालवायचे आणि तोंडानं बाबांचा उद्धार करत परत जायचे. स्टाफरूममध्ये सगळे विचारायचे, "काय मॅडम, लेकरू जेवलं का?" मी हसायचे, पण आतून जळायचे.

जनावरांचे डॉक्टर गाई-बैलांत मुरलेले. त्यांनी पाय चाचपले आणि सांगितलं की पहिल्या काही दिवसांत बांधले असते तर सरळ झाले असते, आता हाडं तशीच पक्की झाली. "फक्त एक करा. छातीवर घासून जखम होऊ देऊ नका. अशी जखम झाली की भरणं कठीण."

"जगन किती?" बाबांनी विचारलं.

"नीट ठेवलं तर वीस वर्षं."

"मंग त मले अजून येक जनम घ्या लागन," बाबा म्हणाले आणि दोघंही हसले.

आमचं घराणं ढिवरांचं. बाबांनी सारी उमर तलावात मासे धरले. आई गेल्यावर आणि गुडघे संपल्यावर मी त्यांना गावाहून माझ्याकडे आणलं, तेव्हापासून ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे पाहत. टीव्ही नको, देऊळ नको, कोणाशी बोलणं नको. पाखरू फडक्यावर ठेवलं की आपल्याच ओल्यात लोळायचं, पोटाची पिसं चिकटायची. दोन दिवस त्यांनी ते नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सुती दोरा आन. नायलॉन नोको, थो कापते."

गावाहून आणलेल्या पेटीतून त्यांनी बांबूची सुई काढली. जाळं विणायला बसले. माशांसाठी विणत तसंच, फक्त घरं इतकी बारीक की करंगळी जेमतेम जाईल, आणि मधोमध पायांसाठी दोन मोठी. ही झोळी त्यांनी स्टूल उलटं करून त्याच्या पायांना ताणून बांधली. पाखरू त्यात ठेवलं. पाय खाली लोंबले, ओल खालच्या पेपरवर गेली, छाती कोरडी राहिली. मान वर करून ते आमच्याकडे असं पाहायला लागलं, जसा बाजेवर बसलेला पाटील. बाबांनी चक्क टाळी वाजवली. मला फार बरं वाटलं. पाखराचं नाही, बाबांचं.

गोड पाण्यानं सुती दोरा आंबतो, उकळून धुतला की विरतो. म्हणून झोळी सारखी नवी लागायची, आणि बाबा सारखे विणत असायचे. पळस फुलला की काठी टेकत मैदानापर्यंत जाऊन फुलं आणायचे. पाखरू त्यात तोंड खुपसून जीभ फिरवायचं आणि बाबांसारखंच खोकायचं. खोकला हुबेहूब उचलला होता मेल्यानं. दोन वर्षं अशी गेली, आणि ती बरी गेली असं आता म्हणावं लागतं.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. पहिल्यांदा चहा सांडायला लागला, मग सुई हातातून सुटायला लागली. एके दुपारी कॉलेजातून आले तर झोळीची एक गाठ सुटून भोक मोठं झालेलं, पाखरू एका पायानं अडकून उलटं लोंबत होतं, पंख आपटत होतं, आणि बाबा त्याच्यापुढे उभे राहून गाठ सोडवू पाहत होते. ज्या बोटांनी जन्मभर जाळ्यातून मासे सोडवले, त्यांना ते एक पाखरू सोडवता येत नव्हतं. मी कात्रीनं जाळं कापलं. बाबा खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले. त्यानंतर त्यांनी सुई हातात घेतली नाही.

मी शिकायला बसले. "वढ, अजून वढ, गाठीले जीव लागू दे," ते सांगत. मी विणलेलं जाळं पाखराच्या वजनानं सकाळपर्यंत सैल व्हायचं. बाजारातलं नायलॉनचं आणलं, ते मांडीत रुतलं. शेवटी पुन्हा फडकं आलं, आणि व्हायचं तेच झालं. छातीच्या हाडावर जखम झाली. डॉक्टरांनी मलम दिलं. मी रोज लावायचे आणि रोज स्वतःला सांगायचे की आज कालच्यापेक्षा बरी दिसते.

बाबांनी मग पाखराला हातावरच घेतलं. डाव्या पंजाची झोळी केली, बोटांच्या मधून पाय खाली सोडले. हात थरथरायचा, पण त्याला ते झोक्यासारखं वाटत असावं. गप्प पडून राहायचं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत बाबा खुर्चीतून हलेनात. उजव्या हातानं घास सांडायचा म्हणून मी त्यांना भात भरवायचे.

"मायामांगं कोन धरन याले?" एकदा भरवताना त्यांनी विचारलं.

"मी धरीन."

"धर मंग."

मी हात पुढे केला. पाखरू माझ्या हातात आलं आणि किंचाळायला लागलं. माझी बोटं बारीक, त्यांत ते बसेना. घसरलं, मला कडकडून चावलं आणि बाबांकडे तोंड करून खोकायला लागलं. मी परत दिलं. बाबांच्या हातात जाताच गप्प झालं.

"तुले नौकरी हाये," ते शांतपणे म्हणाले. "लाव डाक्टरले फोन. मी हाओ तवरच होऊ दे."

ते पाखरू जावं म्हणून नवस करायचा तेवढा मी बाकी ठेवला होता. तीच मी म्हणाले, "थांबू ना बाबा. भरून राह्यली जखम."

"नाई भरत." त्यांनी पंजा किंचित उलटा करून दाखवला. मलमाखाली हाड दिसत होतं. मी इतके दिवस नुसतं मलमच पाहत होते.

मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी येतो, एका इंजेक्शननं झोपेतच जाईल, त्याला दुखणार नाही. मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ताजं कालवून आणायला लावलं. बशी पुढे धरली तशी पाखराची जीभ लवलव चालायला लागली. बशी चाटली, बशीची कड चाटली, बाबांचा अंगठा चाटला, आणि अजून पाहिजे म्हणून मान ताणली.

"कसा भुकेला हाये, पाह्य ना," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "डाक्टरले नाई म्हनता येते का आता?"

"येते, बाबा. आत्ता सांगू?"

त्यांनी पुन्हा पंजा उलटा केला, छातीकडे पाहिलं.

"राहू दे. येऊ दे डाक्टरले," ते म्हणाले, आणि बशीच्या तळाशी उरलेल्यात बोट बुडवून पाखराच्या तोंडापुढे धरलं.