प्राप्तीने आत घेतलेला समुद्र

हल्ली मी प्राप्तीच्या हातांकडेच बघत असते. ती चहाचा कप उचलते तेव्हा, भाकरी मोडते तेव्हा, गॅलरीत कपडे वाळत घालते तेव्हा. अजून कापतायत का? आता ती आत झोपली आहे आणि मी स्वयंपाकघरात हे लिहीत बसले आहे, तरी मनात तेच.

प्राप्ती माझी मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात ती क्रेन चालवते. उंच लोखंडी चौकट, तिच्यावर काचेची केबिन, पायाखालीही काच. त्या काचेतून खाली वाकून बघत ती कंटेनर उचलते आणि ट्रेलरवर नेमका बसवते. तिचे बाबा ट्रेलर चालवतात. सुरुवातीला त्यांचे दोस्त त्यांना चिडवायचे, "सदा, आता लेकीच्या खालून गाडी काढायची. हॉर्न जरा हळू मार." पुढे तेच लोक तिची ड्यूटी कधी आहे ते विचारून गाडी लावू लागले, कारण ती कंटेनर आपटत नाही.

गेल्या महिन्यात आपटला. अचानक वारा सुटला, टांगलेला कंटेनर झोके घेऊ लागला आणि त्याचा कोपरा खालच्या ट्रेलरच्या केबिनच्या टपावर बसला. टप पार चेपला. ड्रायव्हर पाणी प्यायला उतरला होता, म्हणून वाचला. त्या दिवसापासून प्राप्तीचे हात कापतात. यार्डवाल्यांनी तिला सुट्टी दिली. येत्या सोमवारी परत क्रेनवर बसवून चाचणी आहे.

मला ती चाचणीच नको होती. माझा भाऊ विनेश तळा इथे एका पतसंस्थेत आहे. त्याने तिच्यासाठी तिथे खुर्चीवरचं काम बघून ठेवलं. रविवारी तिला घेऊन ये म्हणाला, मी हो म्हटलं. प्राप्तीला सांगितलं तर ती नुसतं "बघू" म्हणाली आणि लॅपटॉपवर गेम खेळत बसली. एवढी मोठी मुलगी दिवसभर गेम खेळते हे बघून माझी काळजी आणखी वाढली.

त्या गेमचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण आमच्या घरात त्याला बांधाचा गेमच म्हणतात. प्राप्ती लहान असताना तो टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर यायचा. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची आणि परत घालायची. एक बेट, भोवती बांध, बांधाला उघाडी, म्हणजे समुद्राचं पाणी अडवायची किंवा आत सोडायची फळी. भरतीला फळी बंद ठेवायची, आत भात पिकवायचा, बेटावरची माणसं जगवायची, एवढाच गेम.

पण आम्ही मिठागरवाले. माझ्या सासऱ्यांनी, बुधाजींनी, जन्मभर भरतीचं पाणी मुद्दाम आत घेतलं आणि उन्हावर आटवून मीठ काढलं. त्यामुळे प्राप्तीने पहिल्याच भरतीला फळी उघडली. भात मेला, माणसं रडली, गेम संपला. तिने परत तेच केलं. शेजारचा परेश डोक्याला हात लावायचा, "ए येडे, दार लाव ना! परत मारलीस सगळी." आजोबा मागून म्हणायचे, "त्याचं नको आयकू. तू घे पानी." शेवटी त्यांनी निकाल दिला, "ह्यो गेम बनवनाऱ्याला मीठ ठाव न्हाय." एकामागून एक तीन कॅसेटी आल्या, तिन्हींत हेच झालं. मग गेम यायचा बंद झाला, कॅसेटी भंगारात गेल्या, आजोबाही गेले.

यंदा एवढ्या वर्षांनी त्याचा नवा भाग आला आहे म्हणे.

आज दुपारी मी तिला बॅग भर म्हणून सांगायला गेले आणि तिच्या मागे उभीच राहिले. कॅसेटीतला समुद्र म्हणजे नुसते निळे चौकोन होते. हा समुद्र श्वास घेत होता. वारा गेला की पाण्यावरून काळसर सावली सरकत जायची. पाणी ओसरलं की चिखलातल्या भोकांतून खेकडे बाहेर यायचे आणि चाहूल लागली की आत पळायचे. माझा जन्म या किनाऱ्यावर गेला, आणि तरी मी तोंड उघडं टाकून बघत होते.

भरती आली आणि प्राप्तीने फळी उघडली.

"अगं, परत?" मी म्हटलं.

"बस तर जरा."

भात पिवळा पडला. बेटावरची माणसं बांधावर जाऊन बसली. पण गेम संपला नाही. प्राप्तीने पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घेतलं, दुसऱ्यातून उथळ तिसऱ्यात. आजोबा असंच करायचे. मग तिने काहीच केलं नाही. पडद्यावर ऊन चढत होतं, उतरत होतं, आणि ती बसून होती. मी दोनदा उठायला निघाले. तिसऱ्या वाफ्याच्या कडेला काहीतरी पांढरं दिसलं. दुधावर साय धरावी तसं ते हळूहळू मधे सरकत गेलं. बांधावरची एक बाई खाली उतरली, वाकली, बोट लावून तिने ते जिभेवर ठेवलं.

हा गेम करणारं माणूस कुठल्या देशातलं असेल? त्याने आमची मिठागरं कुठे बघितली असतील? आणि त्या फळीमागे त्याने हे ठेवून दिलं, कोणीतरी पाणी आत घेईल आणि थांबेल म्हणून.

"आता यांना मीठ ठाव हाय," प्राप्ती म्हणाली, अगदी आजोबांच्या सुरात.

आम्ही दोघी हसलो. सवयीने माझी नजर तिच्या हातांकडे गेली. ते कीबोर्डवर नुसते टेकलेले होते, शांत. मग मला बॅगेची आठवण झाली.

तिने ओळखलं. "आई, कंटेनर झुलायला लागला की त्याच्याबरोबर जायचं असतं. मग तो आपोआप शांत होतो. त्या दिवशी मी घाबरून उलटा ओढला. मला माहीत होतं, तरी ओढला."

"आणि सोमवारी हात कापले तर?"

"कापतीलही. पण ते मला वर बसून बघायचंय. मामाकडे नको नेऊस मला."

मी उठून भात लावला.

तेव्हापासून मी स्वतःशी भांडते आहे. वारा काय सांगून सुटतो? पुढच्या वेळी ड्रायव्हर खाली उतरलेला असेलच असं थोडंच आहे? पण दुपारी मी जे बघितलं तेही डोळ्यांसमोरून हलत नाही. सगळं बुडालेलं दिसत असताना माझी मुलगी हात न हलवता बसून राहिली. मला नसतं जमलं. मी तर तिच्या मागे बसल्या बसल्या दोनदा उठायला निघाले. इतकी वर्षं ती या घरात आहे आणि तिच्यात हे आहे, याचं मला अजून नवल वाटतंय.

विनेशला सकाळी सांगू असं आधी ठरवलं होतं. पण सकाळपर्यंत माझा धीर टिकणार नाही, मी मला ओळखते. म्हणून आत्ताच फोन करते. एवढ्या रात्री फोन वाजला की तो दचकून, कोण गेलं, असंच विचारेल. तेव्हा आधी सांगायचं की सगळे बरे आहेत, आणि तो पुढे काही विचारायच्या आत सांगून टाकायचं की प्राप्ती रविवारी येत नाही.