माझा खांदा, ताईचं दुखणं

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. भूत, करणी, दृष्ट, बाधा... यातलं काहीही मी मानत नव्हते आणि आजही मानत नाही. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. त्यामुळे "अहो, असतं काही काही" असं म्हणून मला कुणी गप्प करू नये. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितेय. पटलं नाही तर सोडून द्या. मलाही पटलेलं नाही.

नव्वदीच्या मधली वर्षं. नेरुळला शिरवण्याच्या बाजूला आमची चार मजल्यांची सोसायटी. तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझे यजमान, दोघंच. मी तेव्हा अठ्ठेचाळीसची होते.

दिवाळीनंतर उजवा खांदा दुखायला लागला. वाटलं, फळ्यावर लिहून अवघडला असेल. पण दोन महिन्यांत हात वर जाईनासा झाला. वेणी घालता येईना. ब्लाउजची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. शाळेत फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायचे, मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून उतरवून घ्यायची. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, तुम्ही या वर्षी लायब्ररी का घेत नाही?" त्या दिवसापासून मी डाव्या हाताने लिहायला शिकले. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं यायचं, पण वर्ग सोडला नाही.

घरी कामाला येणारी हिराबाई शिरवणे गावातलीच. ती म्हणायची, "बाय, तुमची बिल्डिंग आमचे शेतान उबी हाय. येकदा गावदेवीला नारल ठेवा, खांदा मोकला व्हईल."

मी म्हटलं, "हिराबाई, माझा खांदा धरून देवीला काय मिळणार गं?"

शेवटी तिनेच माझ्या नावाने नारळ ठेवला. काडीचा फरक पडला नाही. हेही लक्षात असू द्या.

वाशीच्या एका हॉस्पिटलमध्ये हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, रक्त तपासलं. "फ्रोझन शोल्डर आहे," म्हणाले, "सांध्याभोवतीचं आवरण आकसून चिकटलंय." त्याच तपासणीत साखर वाढलेली निघाली. डायबेटिसवाल्यांना हे जास्त होतं म्हणे. आपोआप सुटतं, पण दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्तही लागतात. मग गोळ्या झाल्या, सांध्यात इंजेक्शन झालं, शेक झाला. रोजचे व्यायाम तर होतेच - दाराला पुली लावून दोरी ओढायची, भिंतीवर बोटं चालवत हात चढवायचा, वाकून हात नुसता झुलवायचा. सहा महिने एक दिवस चुकवला नाही. हात जेमतेम छातीच्या वर.

मग डॉक्टर म्हणाले, "भूल देऊन हात हलवून मोकळा करू. पण बाई, खरी परीक्षा नंतरच आहे. पहिले दोन-तीन आठवडे प्रचंड दुखेल, तरी व्यायाम थांबवायचा नाही. थांबलात की पुन्हा चिकटेल."

"थांबणार नाही," मी म्हटलं.

यातलं काहीही मी ताईला कळवलं नव्हतं. कुसुमताई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी बहीण, रोह्याला राहायची. आईला अर्धांगवायू झाल्यावर तिने एकटीने तीन वर्षं आईचं सगळं केलं. आणि आई गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी, भरल्या घरात मी तिला म्हणाले होते, "वेळेवर मुंबईला हलवलं असतंस तर आई वाचली असती." त्यानंतर चार वर्षं आमचं बोलणं नाही, पत्र नाही. तिच्याकडे फोन नव्हता. आमच्या यजमानांना मी पुन्हा पुन्हा विचारलंय - त्यांनीही कळवलेलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मला भूल दिली. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर खुशीत होते. "मस्त सुटला. कड्कन आवाज आला, सगळ्यांनी ऐकला." मी म्हटलं, "दुखत नाहीये." ते म्हणाले, "दुखेल, भूल उतरू दे."

भूल उतरली. दुखलं नाही.

संध्याकाळी फिजिओथेरपीच्या तांबेबाई आल्या. या बाईंच्या हाताखाली पोलीस हवालदारसुद्धा ओरडायचे. त्यांनी माझा हात कानापर्यंत नेला, मागे वळवला. मी नुसती बघत राहिले. त्यांनी टाचणी घेऊन हातभर टोचून पाहिली, ती मात्र लागत होती. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. "इतक्या वर्षांत असा पेशंट पाहिला नाही," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला, खरं सांगते, गर्व वाटला. मनात म्हटलं, मुळात मी सोसणारीच!

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात ताई. हातात पिशवी, चेहरा उतरलेला.

"काय केलंस गं तू हाताला?" पाय धुवायच्या आधी तिने विचारलं.

मी हादरले. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पाणी दे आधी."

मग तिने सांगितलं ते असं. मंगळवारी सकाळी ती परसात वालाच्या शेंगा सोलत बसली होती, शेजारच्या काकू सोबत होत्या. अचानक तिचा उजवा हात आपोआप वर गेला, थेट कानाला लागला. कड्कन आवाज झाला, तो काकूंनीही ऐकला. हात लगेच खाली आला, पण जीव जाईल अशी कळ. आणि तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ तशीच कळ यायची. मधल्या वेळी हात ठणठणीत. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, काही निघालं नाही.

"पण माझ्याकडे कशी आलीस?"

"माणूस आई गं म्हणून ओरडतं ना? मी 'शालू' म्हणून ओरडले. काकूंनीच विचारलं, शालू कोण."

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही तेच म्हटलं, आणि शनिवारी तपासून पाहिलं. वेगवेगळ्या वेळा लिहून चिठ्ठ्या केल्या, त्यातल्या तीन उचलल्या आणि कुणाला न दाखवता बेडरूमचं दार लावून घेतलं. बाहेर हॉलमध्ये ताई, आणि तिच्यासमोर घड्याळ आणि वेळा टिपायला कागद घेऊन यजमान. तिन्ही वेळा मी हात चढवला त्याच मिनिटाला ताई कळवळली. मग मी लबाडी केली. डाव्या हाताने नुसतीच पुली करकरवली, तोंडाने मोठ्याने आकडे मोजले. बाहेर ताई शांतपणे बटाटे चिरत होती.

यजमान दारात आले, हातातला कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "आता काय करायचं?"

"बंद," मी म्हटलं. "माझं दुखणं माझं आहे. दुसऱ्याच्या जिवावर मला हात नको."

रविवारी व्यायाम केला नाही. सोमवारी सकाळी भिंतीला बोटं लावली, तर हात आदल्या खुणेच्या वीतभर खालीच अडला. ताई मागे उभी होती.

"चढव," ती म्हणाली.

"नाही."

"शालू, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते भावोजींनी सांगितलं मला. चढव."

"तुला त्रास होतो ताई. मी नाही करणार."

"आईचं केलं तेव्हा तू मध्ये आली नाहीस. आता तरी कशाला मध्ये येतेस?" आणि तिने माझं मनगट धरून हात भिंतीला टेकवला. "तू हट्टी असशील तर मी तुझी मोठी बहीण आहे. चढव!"

मी चढवला. एकेक बोट. ताईने पदराचा बोळा तोंडात धरला होता. मी रडत होते, मला काहीच दुखत नव्हतं आणि रडत होते... एवढं लाजिरवाणं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी तिची माफी मागितली. म्हटलं, "आई तुझ्यामुळे गेली नाही. मला यायला जमलं नाही, म्हणून मी तुझ्यावर ढकललं." ताई म्हणाली, "माहितीये मला." एवढंच. आणि चहा टाकायला उठली.

इथे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मनात गोष्ट पुरी केली असेल - माफी मागितली, चमत्कार थांबला. नाही! दुसऱ्या दिवशीही कळ ताईलाच आली. तिसऱ्याही. माफीनंतर पाच दिवस ती पदर चावत बसायची आणि मी भिंत चढायचे. त्यामुळे कृपा करून मला शिकवण सांगू नका. ज्याने कुणी हे केलं, त्याला माझ्या माफीशी काही देणंघेणं नव्हतं.

रविवारी दुपारची जेवणं झाली. ताई ओट्याशी भांडी विसळत होती. मी सहज, वेळ नसताना, पुलीची दोरी ओढली आणि खांद्यात अशी कळ गेली की मी जमिनीवरच बसले. "आई गं!"

ताई ओल्या हातांनी धावत आली. माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याकडे.

"दुखलं?"

"दुखलं! खूप दुखलं ताई!" मी हसत होते की रडत होते, देव जाणे.

"मला नाही काही," ती म्हणाली आणि माझ्याजवळ फरशीवर बसली. "चल, आता तुझं तू रड."

पुढचे चार महिने माझं मी रडले. तांबेबाईंच्या हाताखाली हवालदारापेक्षा जोरात ओरडले. हात पूर्ण वर जायला लागला, फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत. ताईला त्यानंतर कधीही काही झालं नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते भले माणूस, हसले नाहीत. म्हणाले, "एका जागेचं दुखणं दुसऱ्या जागी जाणवतं, पण एकाच शरीरात. दोन शरीरांत... मला माहीत नाही." एकाने टेलिपथी सांगितली, एकाने मागच्या जन्मीचं ऋण. मी दोघांनाही विचारलं, मग ते तेराव्या दिवशी का थांबलं? बाराव्या का नाही? नुसतं नाव ठेवलं म्हणजे उत्तर होत नाही.

ताई आता ऐंशी ओलांडून गेलीय. हा विषय काढला की वैतागते. "तुला कशाला हवंय गं उत्तर? हात वर जातोय ना तुझा?"

जातो. पण मला उत्तर अजून हवंय.