थेरन बॅगलीचे दोन रकाने

आमच्या मॉर्मन लोकांच्या सॅनपीट खोऱ्यात माणसांपेक्षा टर्की जास्त आणि टर्कींपेक्षा नातेवाईक जास्त. त्यामुळे कुणाबद्दल मागे बोलायला काही मिळालं नाही, असं सहसा होत नाही. थेरन बॅगली हा एक अपवाद. मी प्रयत्न केला नाही असं नाही. चौतीस वर्षं त्यानं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. गावातल्या प्रत्येक घराच्या बैठकीत त्याचं जाणं-येणं, कोण काय बघतं ते सगळं त्याला ठाऊक, पण तोंडाला कुलूप. लावोना जोर्गेन्सनच्या सेटवर कुठलं चॅनल लावलेलं होतं, एवढंच एकदा विचारलं, तर म्हणाला, "सेट बंद होता. म्हणून तर मला बोलावलं." आता अशा माणसाशी काय बोलायचं?

तरुणपणी तो धर्मप्रचाराला दोन वर्षं फिनलंडला होता. तिथल्या थंडीत दारं ठोठावून त्यानं एक बाई आमच्या पंथात आणली, आणि तीही पुढे एका लूथरन पंथाच्या सुताराशी लग्न करून स्वीडनला गेली. परत आलेल्या मुलानं सगळ्यांसमोर उभं राहून अनुभव सांगायचा, अशी आमच्यात रीत. बाकीची पोरं चमत्कार सांगतात, रडतात. थेरन म्हणाला, "तिथली दारं फार जाड आहेत," आणि खाली बसला. सगळ्या प्रार्थनाघरात एकच मुलगी खो-खो हसली. ती अर्डिस. सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं.

पुढची पस्तीस वर्षं त्या घराची वाटणी ठरलेली होती. थेरननं तोंड न हलवता काहीतरी बोलायचं आणि अर्डिसनं हसायचं. आमचं घर शेजारीच. तिचं हसणं ऐकून आमच्याकडे घड्याळ लावत असत, असं मी सांगत असे. लोकांना ते खरंही वाटत असे.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत अर्डिस गेली. नऊ दिवस थेरनच्या दारात मयतीचे बटाटे येत होते. किसलेला बटाटा, भरपूर चीज, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. आमच्यात दुःख त्याच भांड्यातून येतं. दहाव्या दिवशी भांडी थांबली. कुणाचा दोष नव्हता, त्या आठवड्यात दुसरं कुणी गेलं होतं. थेरननं दुकान बंद केलं. दोन वर्षं त्या घरातून आवाज म्हणून आला नाही.

मग टीव्हीवर ती व्यंगचित्रांची मालिका आली. दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला. त्यात एक मॉर्मन कुटुंब होतं: सात मुलं, सगळ्यांचे दात एकसारखे, आणि घराला आग लागली तरी सगळी गोड हसत "काय छान ऊब आलीय" म्हणणारी. लावोनाला हे तिच्या प्रोव्होच्या बहिणीकडून कळलं. तिनं स्वतः एक चित्रही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिचा संताप अगदी शुद्ध होता. सॉल्ट लेक शहरातल्या टीव्ही केंद्राला पत्र लिहून ही मालिका इकडे दाखवणं बंद करायला लावायचं, असं तिनं ठरवलं. तिथल्या लोकांनी गावाची सही असलेल्या पत्रावर याआधीही एक-दोन कार्यक्रम काढून टाकले होते, म्हणजे हे होण्यासारखं होतं. पण पत्राला पुरावा हवा. अपमानांची यादी हवी. म्हणजे कुणीतरी ते पाप बसून बघायला हवं.

आमचा बिशप गार्न ओव्हसन. सहा दिवस टायर विकायचा, सातव्या दिवशी आमचे आत्मे सांभाळायचा, दोन्हीकडे सारख्याच आवाजात. त्यानं थेरनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ब्रदर बॅगली, तुम्हाला या कामाचं पाचारण आहे." आमच्यात पाचारण आलं की नाही म्हणत नाहीत. सुराचा गंध नसलेल्या माणसाला आम्ही सहा वर्षं गायकवृंद चालवताना ऐकलेलं आहे. थेरनचा अँटेना चांगला होता आणि बिघडायला घरात मुलं नव्हती. बारा बुधवार बघायचं ठरलं.

थेरननं वही घेतली, मधोमध रेघ मारली. डावीकडे "खोटं", उजवीकडे "खरं". दुरुस्तीवाला माणूस, जळालेला भाग आणि चांगला भाग वेगळा करायची सवय. त्याला सांगितलं होतं फक्त अपमान लिहायला, पण अर्धवट तपासणी त्याला जमत नसे.

चौथ्या बुधवारी मी अंगणात होतो, त्याच्या खिडक्या उघड्या. आतून असा आवाज आला की मला वाटलं, याला झटका आला. मी तसाच मोज्यांवर धावलो. थेरन कोचावर आडवा, वही खाली पडलेली, डोळ्यांतून पाणी. पडद्यावर तो सात मुलांचा बाप डोळे मिटून देवाचे आभार मानत होता, "या ओलाव्याबद्दल, हे प्रभू," आणि वर छत गळून सगळं कुटुंब गुडघाभर पाण्यात. आता आमचं खोरं कोरडं. पावसाचे, बर्फाचे, दवाचे, कशाचेही असोत, ओलाव्याचे आभार मानल्याशिवाय आमची एक प्रार्थना संपत नाही. मीही कोचाच्या दुसऱ्या टोकाला कोसळलो.

हसून झाल्यावर थेरननं वही उचलली. म्हणाला की यादी पुरी झाली की पत्र जाणार, पत्र गेलं की बुधवार जाणार. यादी खोटी करता येत नाही आणि खरी करवत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कुणाला सांगू नका." हे गावात दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर ठीक होतं. पण सांगतो, आयुष्यात मी पोटात ठेवलेली ती एकच गोष्ट.

ऑगस्टमध्ये एका रविवारी दुपारी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत पत्राच्या समितीचे आम्ही आठजण बसलो. थेरननं उभं राहून वही उघडली. आधी "खोटं". एक, त्यांचा बिशप उंच टोकदार टोपी घालतो. दोन, ते लोक सकाळी कॉफी पितात; आमच्यात बिशपला टोपी नसते आणि कॉफी वर्ज्य. तीन, बापाला पाच बायका. तिसऱ्यावर लावोना जोरात हुंकारली. तिची पणजी तिच्या पणजोबांची तिसरी बायको होती, पण ते शंभर वर्षांपूर्वीचं.

"झालं?" बिशप म्हणाला.

थेरननं बोट उजवीकडे नेलं. "खरं" या रकान्यात एकेचाळीस गोष्टी होत्या. त्यानं त्या ट्रान्झिस्टरचे भाग मोजावेत तशा वाचल्या. नववी, तळघरात संकटकाळासाठी वर्षभराचा गहू, दळायला जातं नाही. सगळ्यांनी आपापले बूट पाहिले. सतरावी, सभा दहा मिनिटं उशिरा सुरू होते आणि वीस मिनिटं उशिरा संपते. बिशपनं घड्याळ बाहीत ढकललं. सव्विसावी, शेजारीण झाकलेलं भांडं घेऊन येते आणि उंबऱ्यातूनच कुणाच्या घरात किती धूळ आहे ते बघून जाते. लावोनाकडे कुणीही पाहिलं नाही, इतक्या काळजीनं पाहिलं नाही की तिच्या ते लक्षात आलं.

"ब्रदर बॅगली," ती म्हणाली, "तुम्हाला यादी करायला सांगितलं होतं, आमचा कबुलीजबाब लिहायला नाही."

थेरननं वही मिटली. "सिस्टर जोर्गेन्सन, पत्र मी लिहितो. पाचारण आहे, टाळणार नाही. फक्त माझी सही मागू नका. अर्डिस गेल्यापासून माझ्या घरी आठवड्यातून एकदाच कुणीतरी येतं, बुधवारी साडेसातला. रेघांनी काढलेली माणसं आहेत, आपली टिंगल करतात. पण येतात."

त्याच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं कुणी ऐकली नव्हती. लावोनानं पर्स उघडली, बंद केली.

"ती बाई," शेवटी ती म्हणाली, "सव्विसाव्यातली. भांड्यात काय आणते?"

"हिरवी जेली. आत किसलेलं गाजर."

"किसलेलं बारीक की जाड?"

"सिस्टर, ते चित्र आहे."

"मग मला बघावंच लागेल."

समितीनं स्वतः पाहिल्याशिवाय पत्र जाणार नाही, असं बिशपनं जाहीर केलं, तेही फार घाईनं. त्या बुधवारी लावोना आली. कोचावर बोट फिरवून धूळ पाहिली, मग दंतवैद्याकडे बसल्यासारखी बसली. पाऊण वेळ तशीच. शेवटी त्या कुटुंबातल्या आजीनं वर्षभराच्या गव्हाच्या पोत्यावर चढून पडदे लावले, तेव्हा हिचा खालचा ओठ थरथरायला लागला आणि तिनं रुमाल तोंडात कोंबला. पुढच्या बुधवारी तिनं बिशपच्या बायकोला आणलं, अर्थात केवळ साक्षीदार म्हणून. ऑक्टोबरपर्यंत प्रार्थनाघरातल्या अकरा घडीच्या खुर्च्या थेरनच्या बैठकीत जाऊन बसल्या होत्या. चार मीच उचलून नेल्या. मंडळी दहा मिनिटं उशिरा येत आणि आधी काय झालं ते थेरनला तोंड न हलवता सांगावं लागे. ते मालिकेहून जास्त हसवायचं.

पत्र गेलं, पण फक्त डाव्या रकान्यातल्या तीन चुकांचं. त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या, थेरनचीही. उत्तर कधी आलं नाही.

असे तीन हिवाळे गेले. मग ती मालिका बंद झाली. आमच्यामुळे नाही, बाकीच्या देशाला कंटाळा आला म्हणे. त्यानंतरच्या बुधवारी थेरननं खुर्च्या मांडल्याच नाहीत. भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी परत न्यायला. मी उगीच डोकावलो होतो. साडेसातला पाच मिनिटं कमी असताना दार वाजलं. लावोना, आणि तिच्या मागे बिशपची बायको, आणि त्यांच्या मागे आणखी डोकी.

थेरन दारात उभा राहिला. "संपली ती, सिस्टर. आज काही नाही."

"काही नाही म्हणजे? टीव्ही बिघडलाय का?"

"मासेमारीचा कार्यक्रम आहे. एक माणूस तळ्याकाठी बसतो. अर्धा तास."

"मासा सापडतो का?"

"मागे एकदा बघितला, तेव्हा नव्हता सापडला."

लावोनानं त्याला हातानं बाजूला सारलं, भिंतीजवळची एक खुर्ची उघडली आणि म्हणाली, "सरका जरा, बघू तरी आज काय करतो तो."