वंटमुरीच्या पायथ्याचं पाणी

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. देवळात, मुनी महाराजांसमोर बसून वर्षभराच्या चुका आठवायच्या असतात, तेव्हाही मी या गोष्टीवरून पुढे सरकलो आहे. दरवर्षी. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही परशाला ओळखत नाही. ओळखत असता तर मला जमलं नसतं.

मी शिस्तीचा माणूस आहे. आमच्या मोटारीत, निपाणीहून सुटण्याआधी काय काय व्हायला हवं, ते मी दारामागे खडूनं लिहून ठेवत असे — कोळसा चाळणे, राख काढणे, दोर तपासणे, घागर, बादली. एकेक काम झालं की पुसायचं. सगळं पुसलं गेल्याशिवाय मी शिट्टी देत नव्हतो. असा माणूस विसरत नाही. तेव्हा "विसरलो असेन" ही वाट मला बंद आहे, हे आधीच सांगून टाकतो.

निपाणीत आजही लोक माझ्याविषयी हळहळतात. "परशानं जिनाप्पाला भर हंगामात टाकलं. भावासारखा हुता, पर गेला." असं कुणी म्हटलं की मी मान खाली घालतो. आणि खरं सांगू? त्या वेळी माझ्या छातीत खरोखरच कळ येते. फसवल्या गेलेल्या माणसाची कळ. ती खोटी नाही. म्हणूनच मला हे सांगायला इतका उशीर झाला असावा — ज्याला एवढं दुखतं, त्याचंच चुकलं असेल असं कसं वाटणार?

परशा काकतीचा. त्याचं घर शेतकऱ्याचं, पण नांगर सोडून तो मोटारीच्या नादाला लागला. मी सदलग्याचा, जैन, निपाणीत येऊन राहिलेला. दोघांनी भागीत एक जुनी मोटार घेतली आणि निपाणी–बेळगाव सुरू केली. तो हाकायचा, बाकीचं सगळं मी बघायचो. मोठ्या आवाजाचा, बढाईखोर, गाणी म्हणत गाडी हाकणारा गडी. उतारू त्याच्यावर खूष असत. मोटारीला सगळे "परशाची गाडी" म्हणत. निम्मी माझी होती.

मग लढाई आली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. सगळ्यांनी मोटारींच्या मागं कोळशाच्या भट्ट्या बसवल्या. भट्टीचा धूर गाळून इंजिनात सोडायचा, त्यावर गाडी चालायची. चालायची म्हणजे — सपाटीला चालायची. वंटमुरीचा घाट लागला की दम सुटायचा. पायथ्याशी गाडी थांबायची, बायका आणि म्हातारे तेवढे बसून राहायचे, आणि बाप्ये उतरून चालत, वेळप्रसंगी ढकलत घाट चढायचे. सगळ्याच मोटारींचा तो रिवाज झाला होता. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

परशाला वाटलं. त्याचं म्हणणं होतं की इंजिन दमत नाही, त्याला आपण गरम वारा पाजतो म्हणून ते कासावीस होतं. गरम वारा फुगलेला, विरळ. एका घोटात इंजिनाच्या पोटात जातो थोडाच. "उन्हातनं आल्यावर कढत पाण्यानं तहान भागत्या व्हय रं आप्पा?" असं तो मला विचारायचा.

भट्टीकडून येणारा पाईप गाडीच्या पोटाखालून, धुराड्याच्या तापल्या नळीला लागून जात होता. तो त्यानं काढला आणि टपावर नेला. तिथं नागमोडी वळणं देऊन वाऱ्यावर ठेवला. इंजिनाला जी साधी हवा लागते तिचं तोंड बॉनेटच्या आत तापत होतं, ते बाहेर काढून पुढं केलं. आणि टपावरच्या पाईपाला गोणपाटं गुंडाळली. गोणपाट ओलं राहिलं पाहिजे, म्हणजे वाऱ्यानं पाईप गार पडतो आणि इंजिनाला गार घोट मिळतो. युक्ती एवढीच.

घाट चढला. भरल्या गाडीनिशी, एकही माणूस न उतरता. टपावरचं पाणी खिडकीतून आत ठिबकायचं, त्यावरून थट्टा व्हायची. काकतीची एक म्हातारी नेहमी यायची, ती म्हणायची, "आदी चालून पाय तरी मोकळं व्हत हुतं. आता बसून बसून आखडलं, आन वरनं भिजायचं."

गोणपाटं भिजवणं माझ्याकडे होतं. घाटाच्या पायथ्याशी विहीर होती. परशा पुढे इंजिन बघायचा तोवर मी पाणी ओढायचो, शिडीनं टपावर जायचो आणि पाईपावर घागर रिकामी करायचो. आता, आमच्यात पाणी गाळून घेतात. पिण्याचंच नव्हे — कढत पाईपावर न गाळलेलं पाणी ओतायचं म्हणजे त्यातल्या जिवांना भाजायचं. मला ते जमेना. म्हणून मी घागरीच्या तोंडावर गाळणं धरून पाणी गाळायचो, आणि फडक्यावर राहिलेलं बादलीनं हळूच पुन्हा त्याच विहिरीत सोडायचो. परशा हसायचा. "पाईपाला बी गाळून पाजतोस व्हय? उद्या इंजिन उपास धरंल." पण हसून झालं की थांबायचा. उशीर होतो म्हणून त्यानं कधी घाई केली नाही. दुसऱ्या कुणी माझ्या घागरीला हात लावलेला त्याला चालत नसे.

एकदा मी सदलग्याला घरच्या कार्याला गेलो होतो. परत आलो तर कळलं, तंबाखूचे एक मोठे व्यापारी येऊन गेले. आम्ही त्यांना शेट म्हणत असू. परशानं त्यांना बॉनेट उघडून सगळं दाखवलं होतं. टपावरही चढवलं होतं. हे मला तालुक्याच्या नाक्यावर दुसऱ्याच माणसाकडून कळलं.

इथवरचं मी लोकांना सांगत आलो आहे. माझ्या पाठीमागे त्यानं शेटला सगळं दाखवलं, बेत ठरवला, मला पत्ताही लागू दिला नाही. लोक चुकचुकतात. गोष्ट इथं चांगली थांबते, नाही का?

पण त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत परशा आमच्याकडे आला होता. मावळतीनंतर आम्ही जेवत नाही हे त्याला ठाऊक, म्हणून धापा टाकत आला. पानावर बसता बसताच सगळं सांगितलं. शेटला आपल्या सगळ्या लॉऱ्यांना ही गार पाईपाची युक्ती हवी आहे. बेळगावात मोठा कारखाना काढून तो परशाच्या हाताखाली देणार आहेत. त्याआधी भरल्या गाडीत बसून ते स्वतः घाट बघणार. "मी म्हणलं, आप्पा बी येणार असंल तरच. त्याच्याबिगर माझं काय चालतंय?" असं म्हणून त्यानं भाकरी मोडली. मी वर बघून "चांगलं झालं की" म्हणालो. बायकोनं त्याला आणखी तूप वाढलं.

त्यानं सांगितलं होतं. लपवलं काहीच नव्हतं. मग मला काय लागलं?

"आप्पा बी." ते लागलं. आधी परक्याला दाखवलं आणि मग मला सांगितलं, हे लागलं. गाडी दोघांची, आणि शेटला हवा होता एकटा परशा. मी त्याच्यासोबत येणारं गाठोडं. रोज विहिरीवर कोण वाकतं, हे शेटनं विचारलंसुद्धा नसेल. जेवून परशा गेल्यावर मी ओट्यावर बसलो आणि मला वाटलं, हा गेला. अजून गेला नव्हता. पण मी त्याला त्याच घडीला गेलेला धरला, आणि मला दगा झाला असं मनात पक्कं केलं. दगा आधी पक्का केला. मग तो घडवून आणला. क्रम हा असा आहे.

ठरलेल्या दिवशी कडक ऊन होतं. शेट पुढं परशाच्या शेजारी बसले होते. काकतीला परशाची थोरली बहीण — आम्ही तिला आक्का म्हणत असू — नारळ आणि साखर घेऊन रस्त्यावर उभी राहणार होती. घाट चढला की शेटचं तोंड गोड करायचं, असं त्यानं तिला कळवलं होतं.

पायथ्याशी गाडी थांबली. परशा शेटना घेऊन बॉनेटपाशी गेला आणि हातवारे करून समजावू लागला. मी विहिरीवर गेलो. पाणी ओढलं. गाळणं धरून नीट गाळलं. गाळण्यावरचं विहिरीत परत सोडलं. एकही जीव दुखावला नाही. आणि भरलेली घागर विहिरीशेजारच्या दगडी डोणीत ओतली, जिथं वाटचालीचे बैल पाणी पितात.

मग रिकामी घागर खांद्यावर घेऊन शिडी चढलो. रिकामी घागर भरल्यासारखी धरायला फार जपावं लागतं. भरलेली आपोआप धरली जाते. टपावर गोणपाटं सकाळच्या उन्हात कडकडीत वाळली होती. त्यांच्यावर घागर उपडी धरून मी थोडा वेळ उभा राहिलो. खाली उतरलो ते ओलं गाळणं पिळत. परशानं तिकडून बघितलं आणि हात वर केला. मी शिट्टी दिली.

चढाला लागल्यावर काकतीची म्हातारी खिडकीबाहेर हात काढून म्हणाली, "आज पाऊस न्हाय वाटतं." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. इंजिनाच्या आवाजात परशाला ते ऐकू गेलं नाही.

मधल्या वळणावर गाडी मेली.

परशा उतरला. बॉनेट उघडून त्यानं पाईपाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. माझ्याकडे बघितलं. "पाणी घातलंस न्हवं?" मी ओलं गाळणं पुढं केलं. तोंडानं काही बोललो नाही — हे मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो, की तोंडानं खोटं बोललो नाही. त्यानं गाळण्याकडे नीट पाहिलंही नाही. "व्हय की. तू घातलंच असणार," म्हणाला. शिडी तिथंच होती. चार पायऱ्या चढून त्यानं गोणपाटाला हात लावला असता तर सगळं उघड झालं असतं. तो चढला नाही. चढणं म्हणजे माझी झडती घेणं झालं असतं, आणि ते त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

गाडी ढकलायला बाप्ये उतरले. शेटही उतरले. धोतराचा सोगा हातात धरून, भर उन्हात, कुणाशी न बोलता चालत वर गेले. वर गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

काकतीला आक्का उभी होती. हातात ताट, वर झाकलेला रुमाल. परशानं गाडी थांबवली नाही. म्हातारीला तिथं उतरायचं होतं, ती ओरडत राहिली, तिला पुढं नेऊन उतरवलं. मी मागच्या दारातून बघत होतो. आक्का रस्त्यावर आली, थोडी धावली आणि मग उभी राहिली.

शेट पुन्हा आले नाहीत. परशानं टपावरचा पाईप स्वतःच्या हातानं उतरवला आणि होता तसा गाडीच्या पोटाखाली बसवला. "माझं खूळ हुतं," एवढंच म्हणाला. लोक पुन्हा घाट चालू लागले. त्याची गाणी थांबली. आणि निपाणीच्या एका बाजारच्या दिवशी, सगळ्यात जास्त गर्दी असताना, किल्ली खिळ्याला अडकवून तो निघून गेला. मला न सांगता. हेच ते — ज्याच्यावर मी इतकी वर्षं जगतो आहे. न सांगता गेला.

आक्का गाडीपाशी विचारायला आली होती. तिला मी म्हणालो, "मला काय विचारतीस आक्का? त्यानंच मला फशिवलं." ती माझ्यासमोर, भावाच्या वतीनं, हात जोडून उभी राहिली. मी ते हात तसेच राहू दिले.

परशा मला त्यानंतर एकदाच भेटला. लोंढ्याला. मला तिथं आगगाडी बदलायची होती आणि तो लाकडाच्या वखारीत ओंडके चढवत होता. त्यानंच हाक मारली. अंग वाळलं होतं, आवाज तेवढा तोच. मी घामाघूम झालो होतो. "थांब, पाणी आणतो," म्हणाला, आणि नळावरून लोटा भरून आणला. मग खांद्यावरचा पंचा नळाखाली स्वच्छ धुतला, पिळला, दुहेरी करून दुसऱ्या लोट्यावर धरला आणि पाणी त्यातून गाळलं. सावकाश, घाई न करता. पंच्यावर राहिलेलं कुठं सोडायचं ते त्याला कळेना. इकडंतिकडं बघून त्यानं ते नळाखालच्या डबक्यात सोडलं.

लोटा माझ्या हातात देताना म्हणाला, "माझ्या खुळापायी तुला रोज किती पाणी वडाय लावलं रं आप्पा. तेवढं मनात ठिवू नको."

मी ते पाणी प्यालो. सगळं प्यालो, आणि लोटा त्याला परत दिला.